चंद्राला वारा घालायची पाळी

रविवारी सकाळी नऊ वाजता सरांच्या दारात पाचऐवजी दोनच जोडी चपला दिसल्या, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

सर दुसऱ्या मजल्यावर राहत. भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण शाळा सुटली तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं. शाळेत त्यांच्याकडे पाच तुकड्या होत्या आणि आता इमारतीतली पाच मुलं होती. "तुकडीमागे एक उरलं," असं ते स्वतःच हसून सांगत. पण त्या पाचांवर त्यांचा आठवडा उभा होता. सोमवारपासून शनिवारपर्यंत ते संगणकावर चित्रं काढत. भरती-ओहोटी का येते, नदी वळणं का घेते, दिवस लहानमोठा का होतो, असा एकेक विषय. रविवारी ती चित्रं जोडून चार मिनिटांची हलती चित्रफीत होई आणि मुलं ती बघत.

आता ही जोडणी करायची संगणकाने. सरांचा संगणक अकरा वर्षांचा होता आणि अकरा वर्षांचं मूल सुट्टीतला अभ्यास जसा करतं, तसाच तो काम करी. चार मिनिटांच्या चित्रफितीला पावणेदोन तास. सर त्याला "शिजवणं" म्हणत. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरके आणि तिच्याशेजारी टक्के दिसत. त्यात भर म्हणजे काम पडलं की संगणक तापे, तापला की रुसून बंद पडे, आणि मग पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून सरांनी त्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं आणि मुलं जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांनी आत वारा घालत. पाळ्या टक्क्यांवर लावलेल्या. पाच टक्के झाले की पुठ्ठा पुढच्याच्या हाती. पंचाण्णव ते शंभर ही पाळी मानाची. ती मिळायला आठवडेच्या आठवडे थांबावं लागे. ज्यांची पाळी नसे ते पन्नास टक्के किती वाजता होतील याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून ठेवत. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याने शेवटी चित्रफीत सुरू करायचं बटण दाबायचं. मधल्या वेळात सर बोलत राहत. मुलं विचारत, सर सांगत, सांगता सांगता ज्वालामुखीवरून कधी उंटावर घसरत ते कुणालाच कळत नसे.

सरांचा समज असा, की मुलं चित्रफितीसाठी येतात आणि हे पावणेदोन तास बिचारी कशीबशी सोसतात.

त्या रविवारी दोघंच आली. एक आठ वर्षांची मुलगी, जिला प्रत्येक वाक्यानंतर "का?" विचारायची सवय होती म्हणून सगळी इमारत तिला का-ताई म्हणे, आणि दुसरा झोपाळू, ज्याचं नाव त्याच्या डोळ्यांवरूनच पडलं होतं. बेचाळीस टक्क्यांवर झोपाळूने मोठी जांभई दिली. सरांनी ती पाहिली. डॉक्टरने जीभ पाहावी तशी पाहिली आणि मनातल्या मनात निदान करून टाकलं.

मुलं गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "संगणक हळू आहे. मुलं कंटाळली."

"अहो, बाकीची का आली नाहीत, ते विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की."

पस्तीस वर्षं ज्या माणसाने फळ्यावर "आधी विचारा, मग उत्तर द्या" असं लिहून वर्गाला सुरुवात केली, तो हे बोलला. पण माणूस शिकवतो ते दुसऱ्यांसाठी, त्याला त्याचा स्वतःवर प्रयोग करायची सक्ती नसते. शिवाय न आलेल्यांची चौकशी करणं म्हणजे विद्यार्थ्यांच्या मागे लागणं, आणि ते सरांच्या मानी स्वभावाला मानवणारं नव्हतं. त्यांनी खाली सूचनाफलकावर चिठ्ठी लावली: "तांत्रिक सुधारणेसाठी वर्ग काही काळ बंद." आणि खिडक्यांच्या रंगासाठी बाजूला ठेवलेले पैसे घेऊन ते संगणकाच्या दुकानात गेले.

दुकान एक बाई चालवत. पस्तिशीच्या असतील. कानावर स्क्रू-ड्रायव्हर, समोर उघडलेले तीन संगणक. त्यांनी सरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन छोट्या डब्या पुढे ठेवल्या.

"काका, हा प्रोसेसर. म्हणजे संगणकाचा मेंदू. यात साधा आहे, मधला आहे आणि हा सगळ्यात वरचा. तुमच्या कामाला मधला पुरे."

"वरच्यात काय जास्त आहे?"

"समजा आत कामगार बसलेत. मधल्यात आठ, वरच्यात सोळा."

"म्हणजे काम अर्ध्या वेळात."

"नाही ना. सोळा जणांना वाटून देता येईल इतकं काम हवं, आणि ते वाटता यायला हवं. तुमची चित्रफीत मधल्यावर साडेसात मिनिटांत होईल, वरच्यावर सहा मिनिटांत. किंमत मात्र अडीचपट. बाकीच्या वेळी एखाददुसरा काम करतो आणि उरलेले बसून बघतात."

"आमची स्टाफरूम," सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी आखीव कागदावर तक्ता काढला. दीड मिनिट वाचवायला दीडपट पैसे जास्त. सातवीच्या मुलालाही उत्तर आलं असतं, आणि सरांनाही आलं. त्यांनी "मधला" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. गोष्ट इथेच संपायची, पण तक्ता खिशात ठेवून ते जिन्यावरून उतरले, आणि जिन्यात मॅनेजरसाहेब भेटले.

मॅनेजरसाहेब तळमजल्यावरचे, बँकेतून निवृत्त. त्यांच्या घरी संगणक नव्हता, कधी नव्हताच, त्यामुळे त्या विषयावर त्यांची मतं अगदी ठाम होती. सरांचा तक्ता त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"सर, हिशेब बरोबर आहे. पण मधलं घेऊन कुणी सुखी झालेलं बघितलंय तुम्ही? मी मधला फ्रिज घेतला, त्यात कलिंगड मावत नाही. मधल्या आकाराची छत्री घेतली, तिच्याखाली माझा एकच खांदा कोरडा राहतो. मधली वस्तू माणूस दोनदा घेतो. एकदा मधली, आणि एकदा पस्तावून वरची."

"पण दीड मिनिटासाठी..."

"आज दीड मिनिट. उद्या मुलं तेवढ्यासाठी दुसरीकडे गेली तर?"

हा बाण वर्मी बसला. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सरांनी विचारलं नाही. न विचारायची सवय एकदा लागली की लागली. संध्याकाळी ते वरचा प्रोसेसर घेऊन आले. दुकानवाल्या बाईंनी दोनदा "काका, नक्की ना?" असं विचारलं आणि मग पावती केली.

आता खरं म्हणजे प्रोसेसर ही वस्तू बिस्किटाएवढी. पण सासरी येताना मुलीने अख्खं माहेर सोबत आणावं तशी ती आली. तिला जुना बोर्ड चालेना, म्हणून नवा बोर्ड. नव्या बोर्डाला जुनी मेमरी चालेना, म्हणून नवी मेमरी. सोळा कामगार घामाघूम होणार, म्हणून त्यांच्या डोक्यावर थंड करणारा पंखा, तो चांगला बादलीएवढा. तो पंखा जुन्या पेटीत मावेना, म्हणून नवी पेटी. आणि नवी पेटी घरी आली तेव्हा ती सरांच्या टेबलाखालच्या कप्प्यात चार बोटांनी अडली.

सुतार आला. त्याने टेबलाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि मग सरांकडे असं पाहिलं, की चूक टेबलाचीही नाही आणि पेटीचीही नाही हे सरांना कळून चुकलं.

"कप्पा कापला तर टेबल लुळं पडेल. एक उभी फळी टाकावी लागेल."

"टाका."

"आता फळी आणायचीच आहे," सरांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तर सिंकवर माझं भांडी मांडायचं कपाटही करून टाका. सहा वर्षं झाली मागतेय."

ज्याने बिस्किटापायी अख्खं घर उघडून ठेवलं आहे, त्याने बायकोच्या कपाटावर हिशेब शिकवू नये एवढं भान सरांना होतं. कपाट दोन दिवसांत झालं. टेबलाला चार दिवस लागले.

मग वायरमन. त्याने बादलीएवढा पंखा बघून शिट्टी मारली. "सर, एवढं मशीन या जुन्या वायरीवर? इमारत काळोखात जाईल. खालच्या मीटरपासून वेगळी लाइन ओढावी लागेल." वेगळी लाइन जिन्यातून जाणार, जिना सगळ्यांचा, म्हणून सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरींनी अर्ज दिला. त्यात "कामाचे कारण" असा रकाना होता. सरांनी आयुष्यात कुठलाही रकाना खोटा भरला नव्हता. पुढच्या चित्रफितीचा विषय होता तोच त्यांनी लिहिला, "चंद्राच्या कला."

दोन दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईने शेरा होता: "सदर कारण इमारतीच्या हद्दीबाहेरचे आहे."

सर सेक्रेटरींकडे गेले. खुर्ची घेतली, टेबलावरचा पेपरवेट उचलला, तो चंद्र आणि दिव्याचा बल्ब सूर्य असं धरून त्यांनी चंद्राची कोर कशी होते हे वीस मिनिटं समजावलं. सेक्रेटरींना ते पहिल्यांदाच नीट कळलं. त्यांनी समाधानाने मान हलवली, परवानगीवर सही केली आणि म्हणाले, "वीज कंपनीकडे भार वाढवायचा अर्ज मात्र तुम्हालाच द्यावा लागेल."

वीज कंपनीच्या कचेरीत खिडकी क्रमांक चारवर एक कारकून बसले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि "प्रोसेसर" या शब्दावर पेन टेकवलं.

"प्रोसेसिंग युनिट आहे का?"

"हो, तसंच म्हणतात त्याला."

"म्हणजे लघुउद्योग. घरगुती दर लागणार नाही. कामगार किती?"

सरांना दुकानवाल्या बाईंचं बोलणं आठवलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आत सोळा."

"आणि बाहेर?"

"बाहेर पाच."

"वय?"

"आठ ते अकरा."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनीही मान वळवली.

"ते काय काम करतात?"

"वारा घालतात," सर म्हणाले. "पण पाळीपाळीने. जबरदस्ती नसते. उलट भांडतात पाळीसाठी."

"आणि मोबदला?"

"शेवटी बटण दाबायला मिळतं एकाला."

पुढच्या मंगळवारी तपासणीला माणूस आला. त्याने खोली पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं, नवं कपाट उघडून पाहिलं. सरांच्या बायकोने त्याला चहा दिला आणि कपाट कसं झालंय ते विचारलं. "छान झालंय," तो म्हणाला, आणि अहवालात लिहून गेला: "कारखाना आढळला नाही. बालकामगार आढळले नाहीत. सदर गृहस्थ शिक्षक आहेत."

शेवटचं वाक्य बचावाचं होतं की दोषारोपाचं, याचा सरांनी बरेच दिवस विचार केला.

लाइन ओढून झाली आणि दुकानवाल्या बाई संगणक जोडायला आल्या. भिंतीवरचा नवा जाड स्विच पाहून त्यांनी विचारलं, "हा कशाला?"

"याच्यासाठी. भार वाढला ना."

"काका, तुमच्या इस्त्रीला याच्यापेक्षा जास्त वीज लागते."

सरांनी इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्रीने काही सांगितलं नव्हतं.

असो. तीन रविवार बुडाले होते, चौथ्या रविवारी वर्ग सुरू झाला. सरांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. नऊला दारात चपला वाजल्या. त्यांनी मोजल्या: पाच जोड्या. सरांचा ऊर भरून आला. तांत्रिक सुधारणेची बातमी पोचली होती तर.

मुलं आत आली. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा होता. झोपाळूने तर आपल्या पुठ्ठ्याला काठीची मूठ बांधून आणली होती. आज पंचाण्णव ते शंभर ही पाळी त्याची होती. सात आठवडे तो तिची वाट पाहत होता.

"आता वाऱ्याची गरज नाही," सर अभिमानाने म्हणाले. "बसा. गंमत बघा."

त्यांनी कळ दाबली. पट्टी सरकू लागली, मुंगीसारखी नव्हे, मांजरासारखी. का-ताईने घाईघाईने चिठ्ठी काढली, "नऊ वाजून" एवढं लिहिलं, वर पाहिलं, तर पन्नास टक्के होऊन गेले होते. सरांनी गोष्टीला सुरुवात केली, "एकदा काय झालं, एक खलाशी..." खलाशी बंदरातून निघायच्या आत पट्टी भरली.

"झालं?" झोपाळूने विचारलं.

"झालं. सहा मिनिटं."

"माझी पाळी कधी आली?"

सरांनी चित्रफीत लावली. चंद्र गोल झाला, कोर झाला, गोल झाला. चार मिनिटांत तीही संपली. भिंतीवरचं घड्याळ नऊ वाजून चौदा मिनिटं दाखवत होतं. पाच मुलं मांडीवर पुठ्ठे घेऊन बसली होती. एरवी या वेळी तिसऱ्या पाळीवरून भांडण लागायचं.

"सर, आता काय करायचं?" का-ताईने विचारलं.

"आता... झालं की."

"मग आम्ही खाली खेळायला जाऊ?"

"जा," सर म्हणाले. दारातल्या चपला एकेक करून गेल्या. झोपाळू शेवटी गेला. त्याने मुठीचा पुठ्ठा सरांच्या टेबलावर ठेवला, बंद दुकानासमोर पिशवी ठेवावी तसा.

सरांची बायको बाहेर आली. "तिघांची गालफुगी उतरली म्हणायची. बिचारी घरात कोंडून कंटाळली होती."

"कसली गालफुगी?"

"गालगुंड झालं होतं तिघांना. म्हणून नव्हती येत. साऱ्या इमारतीला माहीत आहे. त्यांच्या आया सांगत होत्या, अंथरुणात पडूनसुद्धा विचारायची, आज कोण वारा घालतंय म्हणून."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मी म्हटलं होतं, विचारा. तुम्ही म्हणालात, दिसतंय."

खोलीत बादलीएवढा पंखा बिनआवाज फिरत होता. आत पंधरा जण रिकामे बसले होते, हे बाईंनी सांगितलेलं सरांना आठवलं, आणि बाहेर सोळावे आपण, असा विचार मनात आला. मग त्यांनी चपला घातल्या. अकराला दुकान उघडतं हे त्यांना माहीत होतं. ते पावणेअकरालाच पायरीवर उभे राहिले.

"काका, काही बिघडलं का?" कुलूप काढता काढता बाईंनी विचारलं.

"बिघडलं नाही. फार चांगलं चालतंय." सरांनी घसा साफ केला. "तो हळू करून मिळेल का?"

बाईंनी कानावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि परत ठेवला. "हळू?"

सरांनी सगळं सांगितलं. पुठ्ठे, पाळ्या, चिठ्ठ्या, खलाशी, गालगुंड. बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "करता येईल. सोळापैकी पंधरा बंद ठेवायचे, एकटाच बसवायचा. त्याची चालही कमी करता येते. मग तास-सव्वा तास लागेल."

"पावणेदोन नाही होणार?"

"काका, इथे सगळे घासाघीस करतात. पण उलट्या बाजूने करणारे तुम्ही पहिले." त्यांनी कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. "याहून वेळ हवा असेल तर त्याला काम वाढवून द्या. आणि एक सांगू? एकट्यानेच काम करायचं होतं, तर सगळ्यात साधा प्रोसेसरसुद्धा..."

सरांनी हात वर केला. वर्गात हा हात वर झाला की सगळे गप्प बसत. बाईही बसल्या.

काम वाढवायचा प्रश्न का-ताईने सोडवला. जिन्यात भेटली तेव्हा सरांनी या वेळी आपणहून विचारलं, "काय गं, चित्रफितीत काय कमी होतं?" ती लगेच म्हणाली, "चंद्रावर खड्डे का नव्हते?" सर आठवडाभर खड्डे काढत बसले. मोठे, छोटे, खड्ड्यातले खड्डे, प्रत्येकाची वेगळी सावली.

रविवारी दारात पाच जोडी चपला होत्या. सरांनी पेटीचं झाकण काढलं, कळ दाबली आणि आकडा पाहिला: शून्य टक्के. बऱ्याच वेळाने एक टक्का. मुलं सरसावून बसली. आतून गार हवा येत होती. वारा घालणाऱ्याच्याच नाकाला थंडी वाजत होती. पण पाळी ती पाळी. खलाशी बंदरातून निघाला, वादळात सापडला, एका बेटावर लागला, आणि बेटाचा विषय निघाल्यावर सर प्रवाळावर घसरले.

सदुसष्ट टक्के झाले असताना दारात मॅनेजरसाहेब उभे राहिले. त्यांना आपल्या सल्ल्याचं फळ डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी भिंतीवरचा जाड स्विच पाहिला, बादलीएवढा पंखा पाहिला.

"वा. वरचाच घेतलात ना? किती वेळ लागतो आता?"

"पूर्वी पावणेदोन तास लागायचे," सर म्हणाले. "आता दोन लागतात."

मॅनेजरसाहेबांनी हे क्षणभर मनात घोळवलं आणि मान डोलावली. "बघा. मी म्हटलं नव्हतं? मधला घेतला असतात तर पस्तावला असतात."

सर काही बोलणार, तोच का-ताईने मॅनेजरसाहेबांच्या हातात एक पुठ्ठा दिला.

"आजोबा, उभे का? बसा ना इथे. सत्तर ते पंचाहत्तर तुमची पाळी. पंचाण्णवनंतर मागायची नाही, ती झोपाळूची आहे."